वाटाण्याची आकृती आणि वावरातली तूर

काही वर्षांपूर्वी वर्धा जिल्ह्यातल्या एका गावी आम्ही अकरावीच्या प्रात्यक्षिक वह्या तपासत बसलो होतो. शेंगवर्गीय कुलाच्या पानावर बहुतेक वह्यांत वाटाण्याचे फूल होते. सगळी फुले एकसारखी होती, कारण ती पुस्तकातल्या आकृतीवरून उतरवलेली होती. एका मुलीच्या वहीत मात्र तुरीचे फूल होते. घरच्या वावरातून डहाळी आणून, ब्लेडने फूल उकलून, तिने दिसले तसे काढले होते. ध्वजाच्या पाठीवर तांबड्या रेषा होत्या आणि निदलपुंजाला चार दाते होते. आमच्यापैकी एकाने त्या चारावर लाल शाईने काट मारली, बाजूला 'पाच' असे लिहिले आणि अर्धा गुण कापला.

पुढच्या हिवाळ्यात आम्ही स्वतः तुरीची दहा-बारा फुले भिंगाखाली घेतली. प्रत्येक फुलाला दाते चारच दिसले. वरचा दाता जरा रुंद होता, आणि नीट पाहिल्यावर त्याच्या टोकाशी बारीकशी खाच दिसली. म्हणजे निदले पाचच असतात, पण वरची दोन एकमेकांना जवळजवळ पूर्ण जुळलेली असल्यामुळे दाते चार दिसतात. मुलीने पाहिले ते बरोबर होते. आम्ही लिहिलेला 'पाच' हा आकडाही चुकीचा नव्हता, पण तो आम्ही फुलाकडे न पाहता लिहिला होता. तो अर्धा गुण आता परत देता येत नाही. अशी चूक कशामुळे होते, एवढे शोधता येते. म्हणून ज्या वर्णनावर विसंबून आम्ही ती काट मारली, ते वर्णन तुरीच्या डहाळीशेजारी ठेवून पुन्हा वाचून पाहू.

पुस्तक काय सांगते

हे वर्णन म्हणजे राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेच्या, म्हणजे एनसीईआरटीच्या, अकरावीच्या जीवशास्त्राच्या पुस्तकातला 'फॅबेसी' कुलाचा उतारा. पुस्तक २००६ साली निघाले. २०२२ साली अभ्यासक्रमाचा भार हलका करताना हा उतारा गाळण्यात आला; पण जुन्या प्रती, मार्गदर्शिका, शिकवण्यांच्या टिपणवह्या आणि आम्हा शिक्षकांची पाठांतरे यांमधून तो अजून जिवंत आहे. शिवाय यापूर्वीच्या कित्येक पुस्तकांत जवळजवळ असेच वर्णन होते. त्यामुळे ही टीका एका पुस्तकापुरती नाही, ती एका रिवाजावरची आहे.

उताऱ्याचे गुणही सांगायला हवेत. अर्ध्या पानात तो झाडाच्या ठेवणीपासून बीपर्यंत सगळे क्रमाने सांगतो. फूल द्विलिंगी, एका उभ्या प्रतलातच सममित, पाकळ्या पाच, त्यांत मागे एक ध्वज, बाजूंना दोन पंख, पुढे दोन पाकळ्या जुळून झालेली नौका, पुंकेसर दहा, दोन गटांत, अंडाशय ऊर्ध्वस्थ, एका किंजदलाचा, एका कप्प्याचा, फळ शेंग, बी भ्रूणपोषाविना. ही यादी घेऊन तुरीच्या फुलासमोर बसले तर तिच्यातली बहुतेक विधाने खरी ठरतात. कुलाचे वर्णन ज्यासाठी असते, ते काम हे वर्णन करते.

मग खोट कुठे आहे? यादीशेजारच्या आकृतीत वाटाणा आहे. झाडाची डहाळी वाटाण्याची, उकललेले फूल वाटाण्याचे, पुष्पचित्रही वाटाण्याचे. तुरीच्या वाट्याला शेवटच्या परिच्छेदात, डाळींच्या नावांमध्ये, एक शब्द आला आहे. वर्धा जिल्ह्यात देवळीपासून समुद्रपूरपर्यंत कपाशीच्या किंवा सोयाबीनच्या तासांमध्ये जे झाड उभे असते, ते या पानावर फक्त पोत्यातले धान्य म्हणून येते. त्याला मूळ, पान, फूल काही नाही. विद्यार्थी यादी वाचतो आणि आकृती लक्षात ठेवतो. मग आकृतीतल्या एका जातीच्या खुणा साऱ्या कुलाच्या खुणा होऊन बसतात.

झुडूप, वेल नव्हे

वाटाणा ही नाजूक, आधार शोधणारी वर्षायू वनस्पती आहे. तिच्या पानाच्या टोकाच्या पर्णिकांचे ताणे झालेले असतात आणि देठाच्या बुडाशी उपपर्णे एवढी मोठी असतात की तीच पाने वाटतात. हे पाहून वाढलेला विद्यार्थी तुरीजवळ गेला की गोंधळतो. तूर हे ताठ उभे, खोड लाकडी होत जाणारे झुडूप आहे. उंची माणसाएवढी किंवा त्याहूनही जास्त. आपण ते पावसाबरोबर पेरतो आणि हिवाळ्याच्या शेवटी कापतो, म्हणून ते वर्षायू वाटते. बांधावर किंवा परसात राहू दिले तर ते तीन-चार वर्षे जगते आणि पुन्हा फुलते. कुड घालायला, झोपडी शाकारायला तुराट्या चालतात, त्या याच लाकडीपणामुळे. वाटाण्याच्या वेलाचा कुड कुणी घातलेला नाही.

तुरीला ताणे नाहीत. उपपर्णे आहेत, पण बारीक, भाल्याच्या टोकासारखी. शोधल्याशिवाय दिसत नाहीत. पान तीन पर्णिकांचे असून मधल्या पर्णिकेचा देठ बाजूच्या दोघींपेक्षा लांब असतो, म्हणून हे त्रिपर्णी पान पिच्छाकृती ठरते. तीन बोटे एकाच बिंदूतून निघावीत तशी ती निघत नाहीत. पर्णिकेची खालची बाजू रेशमी लवेची, फिकट राखी असते. भिंगाखाली तिथे पिवळसर ठिपक्यांसारख्या ग्रंथी दिसतात. तुरीच्या वावरातून फिरून आल्यावर हातांना येणारा चिकट वास अशा ग्रंथींचाच.

पानाच्या देठाचे बूड फुगीर असते हे पुस्तकात एका शब्दात येते, पण ते फुगीर का, हे येत नाही. संध्याकाळी तुरीजवळ उभे राहून पाहावे. दिवसा पसरलेल्या पर्णिका अंधार पडू लागला की उचलल्या जाऊन मिटतात. देठांच्या बुडाशी असलेल्या फुगीर भागांतल्या पेशींत पाणी कमी-जास्त होते आणि ते सांधे वळतात. हे एकदा पाहिलेल्या मुलाला तो शब्द पाठ करावा लागत नाही.

फुलात शिरण्याची वाट

आता फूल. तुरीची फुले पानांच्या बगलेतून निघणाऱ्या मंजरीत येतात. ध्वज रुंद, गोलसर आणि मागे वळलेला असतो. त्याच्या बुडाशी कानाच्या पाळ्यांसारखे दोन लहान भाग असतात. आतून तो पिवळा असतो. पाठीचा रंग मात्र वाणागणिक बदलतो: कुठे निव्वळ पिवळा, कुठे तांबड्या रेषांचा, कुठे जवळजवळ पूर्ण तांबडा. कळी पाहिली तर ध्वज सर्वांत बाहेर असतो. तो पंखांना झाकतो आणि पंख नौकेला. पुस्तकात कळीतल्या या रचनेला एक जड नाव आहे. उमलायला आलेली कळी टाचणीने बाहेरून आत सोलत गेले की नावाआधी रचना कळते.

नौकेच्या आत दहा पुंकेसर असतात. नऊंचे वृंत जुळून अंडाशयाभोवती एक पन्हळ होते आणि दहावा, ध्वजाच्या बाजूचा, मोकळा राहतो. 'नऊ अधिक एक' हे सूत्र आपण गेली कित्येक वर्षे फळ्यावर लिहीत आहोत. पण नऊ आणि एक का, असे कुणी विचारले तर? पुस्तक गप्प आहे, आणि आम्हीही गप्पच होतो.

टाचणीने ध्वज काढून फुलाच्या बुडाशी पाहावे. मध तिथे, अंडाशयाच्या पायथ्याशी असतो. दहाही वृंत जुळून बंद नळी झाली असती, तर आतल्या मधापर्यंत जायला मार्गच उरला नसता. दहावा पुंकेसर सुटा असल्यामुळे त्याच्या बुडाच्या दोन्ही बाजूंना फटी राहतात आणि माशीची सोंड त्यांतून आत जाते. माशी पंखांवर आणि नौकेवर बसते, तिच्या भाराने नौका खाली दबते आणि आतले पुंकेसर व कुक्षी तिच्या पोटाला घासतात. ध्वज दुरून दिसणारी खूण, पंख बसायची जागा, नौका झाकण आणि सुटा पुंकेसर म्हणजे मधाकडे जाणारी वाट, अशी ही योजना आहे. पुष्पसूत्रातला प्रत्येक आकडा या योजनेचा भाग आहे. आकडे ठेवले आणि योजना काढून टाकली की वनस्पतिशास्त्र दूरध्वनीच्या क्रमांकांसारखे पाठ करावे लागते.

जायांगातही फरक आहे. वाटाण्याच्या कुक्षीवृंताला आतल्या अंगाने दाट केसांची दाढी असते. तुरीच्या कुक्षीखाली तशी दाढी नसते. लांब, वर वळलेला कुक्षीवृंत तेवढा दिसतो. अंडाशय लोमश असतो. पुढे शेंग भरली की दोन दाण्यांच्या मधोमध तिच्यावर तिरप्या खाचा पडतात. वाटाण्याच्या गुळगुळीत शेंगेवर अशा खाचा नसतात. सोले काढणाऱ्या बाईला हे आंधळेपणीही कळते, कारण तिचे बोट त्या खाचेवरूनच दाणा मोजते.

'स्वपरागण' म्हणताना

या ठिकाणी आकृतीचा दोष गुणपत्रिकेतून निघून थेट वावरात जातो.

वर्गात आपण सहज म्हणून जातो की, नौका मिटलेली असते, परागकोश आत असतात, म्हणून या फुलांत स्वपरागण होते. वाटाण्याच्या बाबतीत हे चांगलेच खरे आहे. मेंडेल यांच्या १८६६ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधामागचे प्रयोग जमले ते काही अंशी वाटाण्याच्या याच गुणामुळे. तुरीतही परागकोश कळीतच, फूल उमलण्याआधी फुटतात आणि स्वतःचे पराग कुक्षीवर पडतात. तोवर दोघींची गोष्ट एकच आहे.

पण तुरीचे फूल उमलल्यावर माश्या येतात. पाने कातरून घरटे करणाऱ्या एकट्या राहणाऱ्या माश्या आणि त्यांचे भाऊबंद, आग्या माश्या, काळे भुंगे असे सगळे येतात आणि दुसऱ्या झाडाचे पराग आणतात. पुसा येथे हॉवर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९१९ साली, आणि त्यानंतर नागपूरसह अनेक ठिकाणी इतरांनी, तुरीतले परपरागण मोजले. आकडे ठिकाणागणिक, हंगामागणिक आणि माश्यांच्या संख्येनुसार फार बदलतात: कुठे नगण्य, कुठे शेकडा ४० च्याही वर. ढोबळपणे शेकडा २० धरण्याची रीत आहे. ज्या पिकात पाच दाण्यांमागे एखादा दाणा परक्या परागाचा असू शकतो, त्याला नुसते 'स्वपरागित' म्हणणे बरोबर नाही.

बियाणे प्रमाणित करणाऱ्यांना हे ठाऊक आहे. वाटाण्याच्या प्रमाणित बियाण्याचे वावर दुसऱ्या वाणापासून ५ मीटर दूर असले तरी चालते. तुरीसाठी हेच अंतर १०० मीटर लागते. एकाच कुलातल्या, एकाच पुष्पसूत्राच्या दोन फुलांसाठी नियमात वीस पट फरक आहे. पुस्तकातल्या आकृतीवर विसंबून राहणाऱ्याला तो फरक कुठून आला हे समजणार नाही.

आमच्या विद्यार्थ्यांपैकी अनेकांच्या घरी पुढच्या वर्षाचे तुरीचे बियाणे घरच्याच पोत्यातून निघते. मर रोगाला दाद न देणारा एखादा चांगला वाण आणला, शेजारच्या धुऱ्यापलीकडे दुसरा वाण फुललेला आहे, आणि तीन-चार वर्षांनी वाण 'बिघडला' अशी तक्रार येते. कुणी दुकानदाराला दोष देतो, कुणी जमिनीला. फसवणूक कधी असेलही. पण माश्यांनी आणलेला पराग हेही एक साधे कारण आहे, आणि ते या मुलांनी घरी समजावून सांगायला हवे. पिशवीने झाकलेल्या मंजरीतले दाणे बियाण्यासाठी वेगळे ठेवता येतात, हेही त्यांना ठाऊक हवे. उलट बाजूही आहे. १९९१ साली तुरीचा आयसीपीएच ८ हा संकरित वाण निघाला. कोणत्याही डाळवर्गीय पिकातला तो जगातला पहिला संकरित वाण. त्याचे बियाणे तयार होते ते माश्या एका ओळीतले पराग दुसऱ्या ओळीत नेतात म्हणूनच. ज्या सवयीने घरचे बियाणे मिसळते, तिच्याच बळावर हा संकर उभा आहे.

गाठींचे विधान

'मुळांवर गाठी' ही या वर्णनातली आणखी एक ठाम खूण. जिल्ह्यातल्या काळ्या जमिनीत फुलावर आलेली तूर उपटून मुलांना गाठी दाखवायला गेलात तर फजिती होण्याची शक्यता जास्त. आमची झाली आहे. खोल गेलेले सोटमूळ अर्ध्यात तुटते, बारीक मुळे मातीत राहतात आणि गाठी त्या बारीक मुळांवरच असतात. शिवाय फुलण्याच्या सुमारास पुष्कळ गाठी सरत आलेल्या असतात. रिव्हेलिया नावाच्या माशीची अळी गाठी आतून खाते आणि तिचा उपद्रव काळ्या जमिनीत अधिक आढळला आहे. मग मुले म्हणतात, 'सर, गाठी नाहीत', आणि आपण म्हणतो, 'असतात, लिहा.' त्या दिवशी मुले गाठींविषयी काही शिकत नाहीत. पुस्तकापुढे डोळ्यांवर विश्वास ठेवू नये, हे मात्र शिकतात.

पेरणीनंतर महिना-दीड महिन्याने, पावसाची उघडीप पाहून, मुळाभोवतीचा मातीचा गोळा कुदळीने सबंध काढावा आणि बादलीत भिजवून हळूहळू माती सोडवावी. गाठी दिसतील. एक गाठ नखाने फोडावी. आतून ती तांबूस असेल तर तिचे काम चालू आहे असे समजावे. हिरवट-करडी असेल तर ते थांबले आहे.

नाव कोणाचे

शेवटचा आक्षेप नावावर. उताऱ्यात 'फॅबेसी' हे नाव फुलपाखरी फुलांच्या गटापुरते वापरले आहे. पूर्वी हे लेग्युमिनोसीचे एक उपकुल होते, असेही तिथे म्हटले आहे. पण वनस्पतींच्या नामकरणाच्या नियमांनुसार फॅबेसी आणि लेग्युमिनोसी ही एकाच मोठ्या कुलाची दोन मान्य नावे आहेत. २०१७ साली या कुलाच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय गटाने त्याची सहा उपकुले ठरवली. त्यांतली चार आमच्या जिल्ह्यात शाळेच्या वाटेवर भेटतात: तूर आणि पळस एका उपकुलात, बाभूळ आणि तरोटा दुसऱ्यात, आपटा तिसऱ्यात, चिंच चौथ्यात.

मोठ्या कुलाचे नाव लहान गटाला दिले की काय होते पाहा. 'फॅबेसी: फूल फुलपाखरासारखे, मुळांवर गाठी' असे पाठ केलेला विद्यार्थी पावसाळ्यात तरोट्याची भाजी खुडतो. तरोट्याला शेंग आहे, पण फूल फुलपाखरी नाही आणि मुळांवर गाठीही नाहीत. पाठांतराप्रमाणे तो या कुलाच्या बाहेर पडला, आणि वर्गीकरणाप्रमाणे तो आतच आहे. पुस्तकाने एक वाक्य अधिक लिहिले असते तर हा घोटाळा टळला असता.

एकाच खुणेवर भार टाकण्याची चूक फक्त पाठ्यपुस्तके करतात असे नाही. द कांडोल यांनी १८१३ साली तुरीच्या दोन जाती मानल्या: पिवळ्या फुलांची एक आणि दुरंगी फुलांची दुसरी. ध्वजाच्या पाठीच्या त्या तांबड्या रेषा त्यांना दोन जाती वेगळ्या करण्याइतक्या मोठ्या वाटल्या. पुढे पुष्कळ झाडे पाहिल्यावर कळले की ते एकाच जातीतले वाण आहेत. तुरीच्या रानटी भाऊबंदांना बीवरच्या एका लहानशा मांसल उंचवट्यावरून 'ॲटिलोसिया' या वेगळ्या प्रजातीत ठेवले जात होते. त्यांचा तुरीशी संकर होतो हे माहीत झाल्यावर आणि इतर खुणा तपासल्यावर व्हॅन डर मॅसेन यांनी १९८६ साली ती प्रजाती तुरीच्या 'कजानस' प्रजातीत विलीन केली. शास्त्रज्ञांचीही चूक होते. तिची दुरुस्ती झाडे पुन्हा पाहूनच होते. हा इतिहास अकरावीच्या पुस्तकात दोन ओळींत बसला असता आणि वर्गीकरण म्हणजे ठरलेली यादी नव्हे हे मुलांना कळले असते.

दुसरी बाजू

आमच्या टीकेला उत्तर आहे, ते आम्ही नाकारत नाही. साऱ्या देशासाठी एक पुस्तक लिहायचे तर कुठली तरी एकच वनस्पती घ्यावी लागते. वाटाण्याचे फूल मोठे आहे, उकलायला सोपे आहे, शहरातल्या मुलालाही शेंगा बाजारात मिळतात. तुरीचे फूल लहान, आणि ते हिवाळ्यातच मिळते. परीक्षकालाही एक ठरलेले उत्तर सोयीचे जाते. हे सगळे मान्य आहे.

पण एक आकृती पुरे, असे यातून सिद्ध होत नाही. वाटाण्याशेजारी एक रिकामा चौकोन सोडून 'तुमच्या परिसरातल्या शेंगवर्गीय झाडाचे फूल इथे काढा आणि वाटाण्याहून वेगळ्या तीन गोष्टी लिहा' एवढे छापले असते, तरी पुस्तक देशभर चालले असते. कोकणातला मुलगा पांगारा काढेल, आमचा तूर काढेल. आणि २०२२ साली केले तसे वर्णनच गाळणे हा तर इलाज नव्हेच. चुकीच्या जागी भार दिलेले वर्णन दुरुस्त करायचे असते. ते काढून टाकल्याने मुलाचे तुरीकडे पाहण्याचे उरलेसुरले निमित्तही गेले.

हे आम्ही वर्ध्याहून लिहितो आहोत म्हणून आणखी एक आठवण द्यावीशी वाटते. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्यात शिक्षण परिषद भरली होती. तिने नेमलेल्या, झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने जी योजना मांडली तिला 'वर्धा योजना' असेच नाव पडले. मुलाचे शिक्षण हस्तोद्योगाशी, त्याच्या भोवतालच्या निसर्गाशी आणि समाजाशी जोडलेले असावे, हा तिचा गाभा होता. त्या योजनेविषयी मते वेगवेगळी आहेत आणि तो या लेखाचा विषय नाही. पण जिथे हा विचार मांडला गेला त्याच जिल्ह्यात, वावरातल्या तुरीचे फूल काढणाऱ्या मुलीचा अर्धा गुण कापला गेला, ही गोष्ट आम्हाला बोचते.

शिक्षकमित्रांना एवढेच सुचवायचे आहे. जुलै-ऑगस्टमध्ये एक झाड मातीच्या गोळ्यासह काढून गाठी पाहा. दिवस लहान होऊ लागले आणि तुरीला कळ्या धरल्या की एक कळी आणि एक उमललेले फूल मुलांकडून उकलून घ्या. निदलपुंजाचे दाते आधी मोजू द्या, आकडा नंतर सांगा. एका मंजरीला पातळ कापडाची पिशवी बांधा, शेजारची मोकळी ठेवा आणि दोन्हींतल्या शेंगा मोजून वहीत लिहा. एका फांदीवरची फुले मोजून ठेवा आणि महिन्याभराने त्यांपैकी किती शेंगा झाल्या ते पाहा. तुरीची बहुसंख्य फुले गळून जातात, हे मुलांच्या बापाला ठाऊक असते, मुलांच्या पुस्तकाला नसते. आणि वही तपासताना लाल शाई हातात घेण्याआधी, शक्य झाले तर, तेच फूल एकदा भिंगाखाली ठेवा.